उभ्या पायांची ओपीडी

सकाळचे साडेआठ वाजलेत आणि केसपेपरच्या खिडकीपुढची रांग पार पिंपळापर्यंत आलीय. दक्षिण महाराष्ट्रातल्या एका जिल्ह्याच्या गावचं हे सरकारी रुग्णालय. एप्रिल महिना. शेडचा पत्रा आत्ताच तापायला लागलाय. माणसं हातातल्या फायलींनी वारा घेतायत. पिशवीतून पाण्याची बाटली निघते, दोन घोट होतात, बाटली पुन्हा आत.

या रांगेत खाली बघत चालावं. कुणी एका पायावर भार देतो, थोड्या वेळाने दुसऱ्यावर. कुणी भिंतीला टेकून एक पाय उचलून धरतो. एकाने पँट गुडघ्यापर्यंत दुमडलीय. पोटरीवर निळसर-हिरव्या शिरा फुगून वर आल्यात. करंगळीएवढ्या जाड, वळणं घेत घोट्याकडे उतरलेल्या. घोट्याच्या आतल्या बाजूची कातडी काळी, चकचकीत. तिथेच एक जखम. वर हळद चेपलेली.

"किती दिवस झाले?" मागचा विचारतो.

"जखमेला? दिवाळीपास्नं."

"आणि शिरा?"

"त्या काय, लई वर्सं झाली. दुखत नव्हत्या, मग बघितलं न्हाई."

हे शेवटचं वाक्य इथे दिवसभर ऐकू येतं. वेगवेगळ्या तोंडून, जवळजवळ त्याच शब्दांत.

सर्जरी ओपीडी पहिल्या मजल्यावर. जिना चढताना पुढची बाई दर चार पायऱ्यांवर थांबते. वर अरुंद व्हरांडा, दोन्ही बाजूंना बाकं. पंखा फिरतो, वारा लागत नाही. फिनेलचा वास, घामाचा वास, कुणीतरी डब्यातून आणलेल्या चटणीचा वास. दारातले मामा नंबर पुकारतात, तेव्हा सगळे एकदम उठतात आणि एकजण सोडून सगळे पुन्हा बसतात.

बाकावर कोण कोण आहे ते त्यांच्या कामावरून ओळखू येतं. यंत्रमागावर बारा तासांची पाळी करणारा पन्नाशीचा माणूस. कानठळ्या बसवणाऱ्या खोलीत आयुष्य गेलंय, म्हणून तो मोठ्याने बोलतो. सलून चालवणारा. बसचा कंडक्टर. फळ्यापुढे पंचवीस वर्षं उभ्या असलेल्या बाई. खानावळीत पोळ्या लाटणारी, हिच्या दोन्ही पायांवर गाठी. सातवा महिना लागलेली एक मुलगी सासूबरोबर आलीय. सासू तिला बाकावर बसवते आणि स्वतः उभी राहते. आणि एकोणीस वर्षांचा, केस बारीक कापलेला, तालमीतल्या अंगाचा पोरगा. त्याची फाईल नवी कोरी आहे.

आत तपासणीची पद्धत निराळी आहे. इतर रुग्णांना डॉक्टर आडवं व्हायला सांगतात. शिरांच्या रुग्णाला उभं करतात. लाकडी पायरीवर उभं राहायचं, पाय थोडे फाकून, भार दुसऱ्या पायावर. डॉक्टर स्वतः खाली उकिडवे बसतात आणि घोट्यापासून वर बघत जातात. आडवं झालं की फुगलेली शीर रिकामी होते, दिसेनाशी होते. म्हणून उभं राहायचं.

मग जांघेत बोटं ठेवून "खोका" म्हणतात. मग टेबलावर झोपवून पाय वर उचलतात, शिरा रिकाम्या करतात, मांडीला रबरी पट्टा बांधतात आणि पुन्हा उभं करतात. पट्टा सोडला की वरून रक्त खाली धावतं आणि शीर डोळ्यांदेखत भरते. ट्रेंडेलेनबुर्ग या जर्मन सर्जनने १८९१ मध्ये या आजारावरची आपली शस्त्रक्रिया मांडली, त्यांच्याच नावाची ही तपासणी. एका पट्ट्यात आणि दोन डोळ्यांत होणारी. शिकाऊ डॉक्टर घोळक्याने बघतायत.

टोपीवाले एक शेतकरी पायरीवर उभे आहेत. त्यांना रोग समजावून हवाय.

"मामा, विहिरीवर मोटर आहे ना?"

"हाय की."

"फूटव्हॉल्व्ह खराब झाला की काय होतं?"

"पाणी माघारी जातंय विहिरीत."

"तुमच्या पायात तेच झालंय."

मामा आपल्या पोटरीकडे बघतात आणि मान हलवतात. त्यांना कळलंय. पायातलं रक्त हृदयाकडे वर चढवायचं काम पोटरीचे स्नायू करतात. चाललं की ते आवळतात आणि रक्त पुढे ढकलतात. ते परत खाली येऊ नये म्हणून शिरांमध्ये झडपा असतात. निरोगी माणूस स्तब्ध उभा असला की त्याच्या घोट्यापाशी शिरेतला दाब पाऱ्याच्या ८० ते ९० मिलिमीटरपर्यंत असतो. तोच चालायला लागला की हा दाब तीसच्या आसपास उतरतो. झडपा गळक्या झाल्या की चालूनही दाब पुरेसा उतरत नाही. तो दाब दिवसभर कातडीवर येत राहतो. रक्तातल्या तांबड्या पेशी बाहेर झिरपतात, त्यांतलं लोह कातडीत साचतं, घोटा काळवंडतो. खाज सुटते. एके दिवशी नखाने ओरखडा निघतो आणि तो भरतच नाही.

पोळ्या लाटणाऱ्या बाई हे सगळं दारातून ऐकतायत. त्या आपला घोटा पदराने झाकतात.

अकरा वाजलेत. आता सोनोग्राफीची रांग. तळमजल्यावर, मागच्या बाजूला. तिथे एसी आहे, त्यामुळे दार उघडलं की बाहेरचे सगळे दाराकडे सरकतात. आत अंधार, फक्त पडद्याचा उजेड. इथेही रुग्ण उभा. एका हाताने लोखंडी कठडा धरलेला. पायावर गार जेली. यंत्रमागवाले दचकतात.

डॉक्टरबाई जांघेपासून सुरुवात करतात. आधी खोलवरच्या शिरा बघायच्या. त्या मोकळ्या आहेत का, त्यांत गुठळी आहे का. मग वरची मोठी शीर, जी घोट्यापासून मांडीच्या आतल्या अंगाने जांघेपर्यंत जाते. मग पोटरीच्या मागची छोटी, गुडघ्यामागे खोल शिरेला मिळणारी. एका हातात यंत्राचा दांडा, दुसऱ्या हाताने पोटरी दाबायची. पडद्यावर निळा रंग वर धावतो, यंत्रातून सूंऽ असा आवाज येतो. हात सोडला की तिथेच थांबायला हवं. थांबत नाही. लाल रंग उलट खाली येतो, आवाज लांबतच जातो. या वरच्या शिरांत उलटा प्रवाह अर्ध्या सेकंदाहून जास्त टिकला तर झडप गेली असं मानतात. यंत्रमागवाल्यांचा आलेख तीन सेकंद ओलांडून जातो.

कागदावर पायाचं चित्र छापलेलं आहे. बाई त्यावर पेनने रेघा मारतात. कुठून गळती, शीर किती मिलिमीटर रुंद, कुठल्या आडव्या शिरेतून रक्त बाहेर येतंय. या तपासणीला डॉपलर म्हणतात. माझ्या मते सगळा निकाल इथेच लागतो. फुगलेली शीर डोळ्यांना दिसते, गळकी जागा दिसत नाही. ती सापडल्याशिवाय केलेलं लेझर आणि ती सापडल्याशिवाय दिलेलं इंजेक्शन, दोन्हींत पैसा आणि भरवसा जातो. उभं करून डॉपलर न करताच शस्त्रक्रियेची तारीख देणाऱ्या माणसाकडून फाईल परत घ्यावी.

साडेबारा. वर परत. आता बाकावरची माणसं कमी झालीत, पण ज्यांच्या हातात चित्राचा कागद आहे ते थांबलेत. डॉक्टर एकेकाशी बोलतायत, आणि प्रत्येकाचा पहिला प्रश्न निराळा आहे.

केस बारीक कापलेला पोरगा उभाच आहे. "सर, भरतीच्या मेडिकलला काढलं. ऑपरेशन केलं तर चालंल का?" सैन्यभरतीच्या वैद्यकीय तपासणीत फुगलेल्या शिरा दिसल्या की उमेदवार अपात्र ठरतो. पहाटे चारला उठून धावणाऱ्या या पोरांना तोपर्यंत माहीतही नसतं की आपल्याला काही झालंय. डॉक्टर त्याला कागद दाखवतात. "शस्त्रक्रिया मी करीन, बाळ. पास करायचं का ते तिथलं बोर्ड ठरवेल. डाग, टाके, सगळं ते बघतील." पोरगा मान डोलावतो. त्याचे वडील मागून विचारतात, "शीरच काढली तर रक्त जायचं कुठनं?"

हा प्रश्नही रोजचा. पायातलं सुमारे नव्वद टक्के रक्त खोलवरच्या शिरांतून वर जातं. वरची खराब शीर बंद केली की उलट वाहणारं रक्त थांबतं. पायाचं काही अडत नाही. वडिलांचं समाधान होतं. मग हळूच दुसरा प्रश्न: पुढे कधी हृदयाच्या बायपासला हीच शीर लागली तर? फुगून वाकडीतिकडी झालेली शीर बायपासला कामाचीच नसते.

शिक्षिका बाईंना कापाकापीची भीती आहे. त्यांच्या आईचं झालं होतं ते जुन्या पद्धतीने: जांघेत आणि घोट्यापाशी छेद, शिरेत तार घालून ती ओढून काढायची. १९०७ मध्ये अमेरिकेतल्या बॅबकॉक यांनी मांडलेली ही पद्धत शंभर वर्षं चालली आणि इथे अजून चालते, कारण तिला महागडं यंत्र लागत नाही. कमरेत भूल, दोन-तीन दिवस मुक्काम, मांडीभर काळंनिळं. पाय बरा होतो. ब्रिटनमधल्या २०१३च्या मार्गदर्शक सूचनांनी मात्र क्रम उलटा लावला: आधी उष्णतेने शीर बंद करणं, ते जमत नसेल तर फेसाचं इंजेक्शन, आणि तेही जमत नसेल तरच शस्त्रक्रिया.

उष्णतेची पद्धत शेजारच्या छोट्या शस्त्रक्रियागृहात चालू आहे. दाराच्या काचेतून दिसतं. टेबलावर रुग्ण जागा आहे, छताकडे बघत सिस्टरशी ऊसबिलाबद्दल बोलतोय. गुडघ्याजवळ सुईच्या भोकातून बारीक नळी आत गेलीय आणि तिचं टोक जांघेच्या दोनेक सेंटीमीटर अलीकडे थांबवलंय. सोनोग्राफीत बघत बघत शिरेभोवती गार सलाईन आणि भुलीचं औषध सोडतात. त्याने दुखत नाही आणि बाजूचं मांस भाजत नाही. मग सगळ्यांना बाजूला व्हायला सांगतात. रेडिओलहरींच्या नळीचं तापणारं टोक सात सेंटीमीटरचं, तापमान १२० अंश, वेळ २० सेकंद. यंत्र टिंग करतं. नळी थोडी मागे. पुन्हा २० सेकंद. लेझरही असंच, फक्त उष्णता प्रकाशाने येते. शीर आतून आकसते, बंद होते आणि काही महिन्यांत शरीर ती जिरवून टाकतं. उरलेल्या गाठी दोन-तीन मिलिमीटरच्या छेदांतून छोट्या हुकाने काढतात. पट्ट्या बांधून माणूस टेबलावरून उतरतो आणि चालत बाहेर येतो. चालायलाच लावतात, पडून राहिलं तर गुठळीचा धोका वाढतो.

दोष याही पद्धतीत आहेत. कधी गुडघ्याखाली आतल्या बाजूला बधिरपणा राहतो, कारण तिथे शिरेला चिकटून नस जाते. क्वचित खोल शिरेत गुठळी होते. काही वर्षांनी दुसरीच शीर गळायला लागते. डॉक्टर हे सांगतात, आणि सांगायलाच हवं.

शीर गोंदाने चिकटवायचीही सोय आता आहे. त्यात भुलीचं पाणी शिरेभोवती सोडावं लागत नाही. गोंद महाग, आणि काहींना त्याची ॲलर्जी येते. या खोलीत गोंद येत नाही.

फेस मात्र येतो. दोन सिरिंज, मधे तीन तोंडांची छोटी चावी. एकीत एक भाग औषध, दुसरीत चार भाग हवा. निवासी डॉक्टर भराभर इकडून तिकडे ढकलतात, दहा-वीस वेळा, आणि पांढरा दाट फेस तयार होतो. सन २००० मध्ये इटलीच्या तेसारी यांनी दाखवलेली ही युक्ती. फेस शिरेतलं रक्त बाजूला सारतो, औषध आतल्या भिंतीला लागतं, भिंत सुजून चिकटते. ज्यांना भूल झेपणार नाही अशा आजींना, ज्यांची शीर नागमोडी असल्याने नळी शिरणार नाही त्यांना, ऑपरेशननंतर पुन्हा फुगलेल्या शिरांना हे बरं पडतं. पुन्हा पुन्हा द्यावं लागतं. जागेवर तपकिरी डाग बरेच महिने राहतो.

सातवा महिना लागलेल्या मुलीला यातलं काहीच नाही. पोटातल्या बाळाचा भार आणि गर्भारपणातली संप्रेरकं यांनी शिरा सैलावतात. बाळंतपणानंतर काही महिन्यांत बऱ्याच ओसरतात. तिला दाब देणारे घट्ट पायमोजे, डाव्या कुशीवर झोपणं आणि एकच ताकीद: एकच पाय एकदम सुजला, दुखायला लागला, तर त्याच दिवशी यायचं. सासू ती ताकीद दोनदा म्हणून घेते.

व्हरांड्याच्या टोकाला त्वचारोगाची ओपीडी. तिथल्या बाकावर दोघी मैत्रिणी. एकीच्या मांडीवर आणि गुडघ्यामागे बारीक लाल-जांभळ्या रेषांचं जाळं. जाडी एक मिलिमीटरहून कमी. तिने आतापर्यंत तीन मलमं लावलीत. मलमाने हे जात नाही. तिच्या पायाला दुखणं नाही, सूज नाही, म्हणजे घाईही नाही. पण ती गेली दोन वर्षं साडीच नेसते, आणि ते दुःखही खरं आहे. अशा रेषांना केसाएवढ्या सुईने पातळ औषध देतात, काही आठवड्यांच्या अंतराने, दोन-चार बैठकांत. वरून लेझरही मारतात, पण आपल्या सावळ्या कातडीवर डाग उमटायची भीती असते, म्हणून हात बेताचा हवा. आणि पुढे नव्या रेषा उमटू शकतात. हे आधी सांगणारा डॉक्टर भेटला तर निम्मी निराशा टळते.

दीड वाजलाय. ड्रेसिंग रूमपुढे वेगळीच शांतता. इथे उशिरा आलेले पाय आहेत.

दार उघडतं आणि वास बाहेर येतो. सिस्टर मास्क वर सरकवतात आणि काम चालू ठेवतात. टेबलावर सत्तरीच्या आजी. घोट्याच्या आतल्या अंगाला तळहाताएवढी जखम, कडा उथळ, तळ ओला. घरी लावलेली पट्टी चिकटलीय. सिस्टर सलाईन ओतत राहतात, ओढत नाहीत. आजी दात आवळून बसल्यात. लेक त्यांचा हात धरून भिंतीकडे बघतो.

"काय काय लावलं, आजी?"

"हळद. कोरफड. एकानं जळवा लावल्या. मलम बी आणलं हुतं."

सिस्टर रागावत नाहीत. जखम धुतात, पुसतात. मग आधी दाब मोजायचा: दंडाचा आणि घोट्याचा. घोट्याचा दाब दंडाच्या ०.८ पटीहून कमी भरला तर धमनीच कमजोर आहे. अशा पायाला घट्ट पट्टी बांधली तर पाय गमवायची वेळ येते. मधुमेहींमध्ये तर हे बघायलाच हवं. आजींचा ठीक भरतो. आता चार थर. पहिला कापसाचा. दुसरा क्रेपचा. तिसरा ताणाचा. चौथा स्वतःलाच चिकटणारा. बोटांच्या मुळापासून गुडघ्याखालपर्यंत, घोट्यापाशी सगळ्यात घट्ट, पाऱ्याच्या चाळीस मिलिमीटरच्या आसपास, वर जाताना सैल. सिस्टरचे हात सरावाने फिरतात. आठवडाभर ही पट्टी सोडायची नाही.

जखम भरवते ती ही पट्टी. मलम गौण आहे. पण शीर गळकीच ठेवली तर जखम भरायला वेळ लागतो आणि ती परत उघडते. २०१८ मध्ये ब्रिटनमधल्या ४५० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. निम्म्यांची शीर लगेच बंद केली, बाकीच्यांना आधी पट्टी, शीर नंतर. लगेच बंद केलेल्यांत जखम भरायचा मध्यक काळ ५६ दिवस होता, दुसऱ्या गटात ८२. सव्वीस दिवसांचा फरक. रोजंदारीवरच्या घरात सव्वीस दिवस म्हणजे महिन्याची चूल. अजून कितीतरी ठिकाणी "आधी जखम भरू दे, मग शिरेचं बघू" असंच सांगतात. हे बदलायला हवं.

रस्त्यापलीकडे मेडिकलची दुकानं. यंत्रमागवाले काउंटरवर पायमोजे बघतायत. दुकानदार विचारतो, "साइज काय देऊ? मीडियम?" असे मोजे घ्यायचे नसतात. सकाळी, सूज नसताना, घोटा आणि पोटरी टेपने मोजून घ्यायचे. अंथरुणातून उठताना चढवायचे, रात्री काढायचे. पाच-सहा महिन्यांत ताण जातो, मग नवे. मोज्यांनी सूज आणि जडपणा कमी होतो. झडप दुरुस्त होत नाही. आणि माग चालत असलेल्या शेडमध्ये, मे महिन्यात, ते बारा तास पायांवर ठेवणं अवघड आहे. "घालून बघतो," ते म्हणतात. त्यांना तारीख मिळालीय, सहा आठवड्यांनंतरची. पाळी बुडाली की पगार बुडतो, म्हणून ते मालकाशी बोलणार आहेत. निदान एक स्टूल मागून घेणार आहेत, मधे मधे टेकायला.

अडीचला ओपीडीचं दार लागतं. व्हरांड्यात पोळ्या लाटणाऱ्या बाई अजून बसल्यात. त्यांचा नंबर उद्यावर गेलाय. काल न्हाणीत घोट्याची शीर फुटली, पाट भरून रक्त गेलं, त्या घाबरून तशाच स्टुलावर बसून राहिल्या, असं त्या आत्ता सिस्टरना सांगतायत. सिस्टर जागच्या जागी थांबतात, त्यांना आत घेतात, डॉक्टरांना परत बोलावतात. उद्याचा नंबर आजच लागतो.

तुमच्या घरात कुणाच्या पायाला अशा शिरा असतील तर एवढं त्यांना आजच सांगा. शीर फुटून रक्त आलं तर बसायचं नाही, उभं राहायचं नाही. लगेच जमिनीवर आडवं व्हायचं, पाय छातीच्या वर उचलून धरायचा, रक्ताच्या जागी स्वच्छ कापड घट्ट दाबायचं, दहा मिनिटं हात काढायचा नाही. वर मांडीला दोरी बांधायची नाही. मग दवाखाना गाठायचा. आणि घोटा काळा पडायला लागला असेल तर जखमेची वाट बघू नका. सर्जरी ओपीडीत जा आणि उभ्याने डॉपलर करून घ्या.